स्वतःच्या गाडीने भूतान: जयगावच्या गेटवर अडकू नये म्हणून

भूतानच्या गेटला लागून असलेल्या पश्चिम बंगालमधल्या जयगावातल्या हॉटेलांच्या आवारात एमएच-१२, एमएच-०९ अशा पाट्यांच्या गाड्या दोन-दोन दिवस नुसत्या उभ्या दिसतात. त्यांचे मालक भूतान बघायला गेलेले नसतात, कागदासाठी खोळंबलेले असतात. दोन हजारांवर किलोमीटर गाडी हाणत आलेला माणूस गेटच्या अलीकडे चहा पीत बसतो आणि घरी फोन करून विचारतो, "माझं मतदार ओळखपत्र कपाटात कुठे ठेवलंय?"

हे होतं, कारण बहुतेक जण भूतानला नेपाळच्या मापाने मोजतात. नेपाळच्या नाक्यावर भन्सार (गाडीचं सीमाशुल्क) भरला, पावती खिशात घातली की गाडी पुढे निघते. भूतानात तीन वेगळे कागद लागतात: माणसाचा परवाना, गाडीचा परवाना आणि सीमेपलीकडे चालणारा विमा. एक दुसऱ्याची जागा घेत नाही. तिन्हींवरची नावं, गाडीचा क्रमांक आणि तारखा जुळल्या नाहीत तर तिन्ही असूनही अडायला होतं.

पुढचे टप्पे जयगाव–फुंटशोलिंग (गेटपलीकडचं भूतानी शहर) या मार्गाचे आहेत. स्वतःच्या चारचाकीने जाणारे बहुतेक जण इथूनच शिरतात. बाइकवाल्यांनाही कागदांचा क्रम हाच.

## टप्पा १: आधी हिशेब, मग हौस

२३ सप्टेंबर २०२२ ला भूतानने पर्यटकांसाठी दारं पुन्हा उघडली, तेव्हा दोन आकार लागू झाले. भारतीय पर्यटकाला दर रात्रीचे १,२०० न्गुलत्रुम शाश्वत विकास शुल्क (सगळे त्याला एसडीएफच म्हणतात) आणि फुंटशोलिंगच्या पुढे नेलेल्या बाहेरच्या गाडीला दर दिवसाचे ४,५०० न्गुलत्रुम. न्गुलत्रुम हे भूतानचं चलन, त्याचं आणि रुपयाचं मूल्य सारखंच आहे. ६ ते १२ वयाच्या मुलांना एसडीएफ निम्मा, त्याहून लहानांना माफ.

आता कागदावर मांडून बघा. चार मोठी माणसं, पाच रात्री: २४,००० रुपये. गाडी सहा दिवस: २७,००० रुपये. माणसांचं रात्रींवर मोजतात आणि गाडीचं दिवसांवर. इथेच पहिली बेरीज चुकते. दर बदलू शकतात, त्यामुळे पैसे भरायच्या दिवशी भूतानच्या पर्यटन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरचा आकडाच धरा, कुणाच्या जुन्या व्हिडिओतला नको.

माझं स्पष्ट मत सांगतो. फक्त थिंफू, पारो आणि पुनाखा बघायचं असेल तर गाडी जयगावात पैसे देऊन राखणीच्या पार्किंगला लावा आणि पुढे भूतानी टॅक्सी करा. खर्च फारसा वाढत नाही, कधीकधी कमीच होतो. स्वतःची गाडी नेण्यात अर्थ आहे तो घाट स्वतः चालवायची हौस असेल तर, किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांना सामान सारखं उतरवणं-चढवणं जमत नसेल तर.

## टप्पा २: माणसांची ओळखपत्रं (निघण्याच्या सहा आठवडे आधी)

भारतीयाला व्हिसा लागत नाही, प्रवेश परवाना लागतो. त्यासाठी दोनच कागद चालतात: किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. आधार चालत नाही. पॅन चालत नाही. वाहन परवाना (ड्रायव्हिंग लायसन्स) गाडी चालवायला लागतो, पण ओळख म्हणून तोही चालत नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पासपोर्ट किंवा मूळ जन्मदाखला, आणि सोबत आई किंवा वडील. ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जुना दाखला निव्वळ मराठीत असेल, तर इंग्रजी मजकूर असलेला नवा आत्ताच काढून घ्या. फुंटशोलिंगच्या खिडकीवरच्या माणसाला मराठी वाचता येईल ही अपेक्षा नको.

मतदार ओळखपत्रावर बायकोचं माहेरचं नाव आणि हॉटेलच्या बुकिंगवर सासरचं, हा महाराष्ट्रातून जाणाऱ्यांचा नेहमीचा घोळ. ज्या कागदावर परवाना काढायचा त्यावरचंच नाव सगळीकडे टाका, अक्षर न् अक्षर.

तपासा: प्रत्येकाचा मूळ कागद हातात घेऊन बघा. "घरी असेल" हे उत्तर मोजायचं नाही. प्रत्येकाचे चार पासपोर्ट आकाराचे फोटो आणि ओळखपत्राच्या तीन झेरॉक्स एका फोल्डरमध्ये ठेवा.

## टप्पा ३: विमा (सर्वांत जास्त चुकणारी पायरी)

आपली मोटार पॉलिसी उघडा आणि 'जिऑग्राफिकल एरिया' असं लिहिलेली ओळ शोधा. तिथे 'इंडिया' एवढंच असेल. म्हणजे गेट ओलांडल्यापासून परत येईपर्यंत गाडीला विमा नाही. पॉलिसी 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' आहे, 'झिरो डेप' आहे, म्हणून काही फरक पडत नाही.

यावर जुना, साधा उपाय आहे. भारतीय मोटार टॅरिफमध्ये 'भौगोलिक क्षेत्र विस्तार' ही सोय आहे. तिचं कलम आयएमटी-१. जास्तीचा हप्ता भरून पॉलिसी नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव या देशांपर्यंत वाढवता येते. कस्टमर केअरवरच्या मुलाला "भूतानला चाललोय, विमा चालेल का?" असं विचारू नका, तो "हो सर, चालेल" म्हणून फोन ठेवेल. "आयएमटी-१ एंडोर्समेंट हवंय" असं ईमेलवर लिहून मागा आणि छापील पान हातात येईपर्यंत पाठपुरावा करा. अॅपवरून घेतलेल्या पॉलिसीला यात वेळ जातो, म्हणूनच सहा आठवडे.

मला ते पान मिळालं तेव्हा गाडीच्या क्रमांकातले दोन अंक उलटसुलट छापलेले होते. दुरुस्तीला नऊ दिवस लागले. निघायच्या आदल्या रात्री पान उघडलं असतं तर बोंब होती.

तपासा: एंडोर्समेंटवर भूतानचं नाव, गाडीचा क्रमांक, चासी क्रमांक आणि मुदत या चार गोष्टी बोट ठेवून वाचा. मूळ पॉलिसीची मुदत सहलीच्या मधल्या दिवशी संपत नाही ना, हेही बघा.

सावध: पॉलिसीसोबत मिळणारी रस्त्यावरच्या मदतीची सेवा सहसा वेगळ्या कराराने चालते. पॉलिसी भूतानपर्यंत वाढली म्हणून क्रेनही तिथवर येईल असं समजू नका.

## टप्पा ४: गाडीचे कागद

मूळ आरसी, मूळ वाहन परवाना, विमा आणि एंडोर्समेंट, मुदतीतलं पीयूसी. सगळं प्रत्यक्ष कार्ड आणि कागद. डिजिलॉकर आपल्या वाहतूक पोलिसाला मान्य करावं लागतं. भूतानच्या अधिकाऱ्याला तसं बंधन नाही.

गाडी चालवणाऱ्याच्या नावावर असेल तर प्रश्न मिटला. वडिलांच्या, भावाच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल तर मालकाचं संमतिपत्र करा: इंग्रजीत, गाडीचा क्रमांक, चालकाचं नाव, जाण्यायेण्याच्या तारखा आणि मालकाच्या ओळखपत्राची सही केलेली प्रत. कर्ज फिटलेलं नसेल तर बँकेचं ना-हरकत पत्रही घ्या. दरवेळी कुणी विचारेलच असं नाही, पण विचारलं की ते दुसऱ्या देशातून मागवता येत नाही.

## टप्पा ५: परवान्याचा अर्ज, तारखा आणि गाइड

माणसांच्या परवान्याचा अर्ज ऑनलाइन करून निघा. त्यात मुक्कामाची ठिकाणं आणि एसडीएफ भरण्याची सोय असते. हॉटेल पर्यटन विभागाकडे नोंदवलेलं हवं.

थिंफू आणि पारो सोडून पुढे जायचं तर परवानाधारक गाइड सोबत लागतो. तुमची गाडी असली तरी. म्हणून गाडीत एक सीट मोकळी ठेवा. पाच सीटच्या गाडीत पाच माणसं कोंबून आलेलं कुटुंब, वर गाइड, हे चित्र मी पाहिलंय. शेवटी एका काकांना टॅक्सी करावी लागली. गाइड जयगाव-फुंटशोलिंगमधल्या नोंदणीकृत टूर ऑपरेटरकडून आधीच ठरवा. गाडीचा परवाना काढतानाही त्याचीच मदत होते.

तारखांबाबत माझा नियम: शेवटची रात्र फुंटशोलिंगातच धरायची. पावसाळ्यात किंवा त्याच्या शेपटाला दरड कोसळून रस्ता बंद झाला तर ती रात्र हाताशी उरते. तरीही मुदत ओलांडणार असं दिसलं, तर मुदत संपायच्या आत वाढवून घ्या, माणसांची आणि गाडीची वेगवेगळी.

बाहेर पडायचं गेट वेगळं असेल, म्हणजे पूर्वेकडे त्राशिगांग गाठून समद्रुप जोंगखारमार्गे आसामात उतरायचं असेल, तर ते अर्जातच लिहा. आत गेल्यावर ठरवायची ही गोष्ट नाही.

## टप्पा ६: गाडीची तयारी

फुंटशोलिंग समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटर. पंचेचाळीसेक किलोमीटरवरचं गेडू दोन हजारांच्या वर. आपल्या बोरघाटात साधारण पाचशे मीटर चढतो. इथे त्याच्या जवळजवळ चौपट एका दमात. थिंफू २,३०० मीटर, दोचुला खिंड ३,१००, पारोच्या वरची चेलेला खिंड जवळपास ४,०००. त्या मापाने गाडी बघा.

ब्रेक पॅड अर्ध्याहून जास्त झिजले असतील तर बदलूनच निघा. ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर तेही: त्यात ओल शिरते, तापलं की उकळतं आणि पेडल पोकळ जातं. रेडिएटरमध्ये साधं पाणी भरून चालवायची सवय असेल तर आता कूलंट भरा; डिसेंबर-जानेवारीत दोचुलावर बर्फ असतं. क्लच घसरत असेल तर सपाटीवर कळत नाही, चढाला कळतं. गाडी भरून जवळच्या एखाद्या घाटात आधी एक फेरी मारून या.

डिझेलची बीएस-६ गाडी असेल आणि तिला अॅडब्लू लागत असेल तर एक डबा सोबत घ्या. स्टेपनीत हवा, जॅक, पाना, पंक्चरचं किट, जंपर केबल, पिवळ्या प्रकाशाचे फॉग लॅम्प. छतावर लावलेली डोळे दिपवणारी एलईडी पट्टी मात्र काढून ठेवा.

सावध: छतावरच्या कॅरिअरवर जड सामान नको. वळणावर गाडी झुकते आणि मागच्यांना मळमळतं. उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यायची असते, उलटी झाल्यावर नाही.

## टप्पा ७: जयगाव गाठणं

सिलिगुडीहून जयगाव दीडशे-एकशेसाठ किलोमीटर, पण चहाचे मळे, जंगल आणि रेल्वे फाटकं यांतून जाणारा रस्ता चार तास घेतो. दुआर्सच्या जंगलातून हत्ती रस्ता ओलांडतात. अंधार पडायच्या आत जयगावच्या अलीकडचं हासीमारा मागे टाका. हत्ती दिसला तर लांबच थांबा, हॉर्न नको, फोटोसाठी खाली उतरणं तर नकोच.

कोणत्या वारी पोचता याला फार महत्त्व आहे. गाडीचा परवाना देणारं कार्यालय सरकारी वेळेत चालतं आणि शनिवार-रविवारी मिळत नाही. शुक्रवारी दुपारी पोचलेला माणूस सोमवारपर्यंत बसतो. रविवारी संध्याकाळी किंवा सोमवारी पोचा. भूतानच्या सुट्ट्याही बघा: १७ डिसेंबरचा राष्ट्रीय दिन, २१ फेब्रुवारीपासून राजाचा वाढदिवस, लोसार (भूतानी नववर्ष) आणि थिंफूची त्शेचू (मठातला उत्सव).

भूतानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे आहे. त्यांचे नऊ म्हणजे आपले साडेआठ, त्यांचे पाच म्हणजे आपले साडेचार. फोनला अजून भारतीय मनोऱ्याचा सिग्नल मिळत असतो, तो जुनी वेळ दाखवत राहतो आणि जेवणाच्या सुट्टीत आपण खिडकीपुढे उभे राहतो.

## टप्पा ८: गेटचा दिवस

क्रम असाच ठेवा.

१. आधी माणसं. गाडी जयगावातच ठेवून पायी टर्मिनलमधून इमिग्रेशनला जा. बोटांचे ठसे, फोटो, मूळ ओळखपत्र. हातात परवाना येईपर्यंत गाडीचा विषय काढू नका, कारण गाडीच्या अर्जाला हाच परवाना जोडावा लागतो.

२. परवाना खिडकीपाशीच वाचा. नाव, ओळखपत्राचा क्रमांक, पहिली आणि शेवटची तारीख. चूक तिथे दोन मिनिटांत सुधारते, थिंफूला पोचल्यावर नाही.

३. मग गाडी. आरसी, वाहन परवाना, विमा, एंडोर्समेंट, पीयूसी, माणसांचा परवाना, गाइडचा तपशील. पैसे भरा, पावती घ्या. या कागदावर मार्ग लिहिलेला असतो. पुनाखाला जायचं असेल तर पुनाखा लिहिलंय का ते बघा.

४. शेवटी सामान. कस्टम्सला तंबाखू, सिगारेट, दारू विचारण्याआधी सांगा. ड्रोन परवानगीशिवाय नेऊ नका. रोपं, बियाणं, कच्चं मांस घरीच ठेवा.

पैशांचं बोलायचं तर २०२१ पासून भूतानात भीम यूपीआयचे क्यूआर चालतात, पण घाटातल्या टपरीवर नोटाच बऱ्या. उरलेले न्गुलत्रुम परत येताना फुंटशोलिंगातच संपवा. भूतान टेलिकॉम किंवा ताशीसेलचं पर्यटक सिम इथेच घ्या आणि नकाशे फोनमध्ये उतरवून ठेवा. इंधन सहसा पश्चिम बंगालपेक्षा स्वस्त पडतं. हासीमाऱ्यात थोडंसं भरा, टाकी फुंटशोलिंगात फुल करा.

तपासा: माणसांचा परवाना, गाडीचा परवाना आणि विम्याचं पान बॉनेटवर शेजारी शेजारी ठेवा. तिन्हींवर गाडीचा मुक्काम झाकला जातो का? हो असेल तरच किल्ली फिरवा.

## टप्पा ९: घाट

फुंटशोलिंगहून थिंफू दीडशे किलोमीटर, पाच ते सहा तास. भूतानी वेळेप्रमाणे सकाळी दहाच्या आत निघालात तरच निघा. नाहीतर मुक्काम करा. पहिली तपासणी वर रिंचेंडिंगला. तिथे कागद दाखवायचे, कुणी हात केला नाही तरी थांबायचं.

गेडूच्या आसपास धुकं दाट असतं, भर दुपारीसुद्धा. दिवे लो बीमवर, फॉग लॅम्प चालू, डाव्या कडेची पांढरी रेघ धरून चला. धोक्याचे चारही दिवे लावून चालवण्याची आपली सवय इथे सोडा. मागच्याला तुम्ही थांबलाय की चाललाय तेच कळत नाही. जुमजाच्या पट्ट्यात दरडी पडतात. वरून बारीक खडे घरंगळताना दिसले तर मागेच थांबा, "पटकन निघून जाऊ" हा विचार करू नका.

चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची. हॉर्न जवळजवळ विसरायचा. झेब्रा पट्ट्यांवर माणूस पाय टाकायच्या आत गाडी थांबलेली हवी. थिंफूत एकही वाहतूक सिग्नल नाही, चौकातला पोलीस हातवारे करतो. त्याच्याकडे बघून चालवा, पुढच्या गाडीकडे बघून नव्हे. रस्त्याच्या मधोमध छोर्तेन (बौद्ध स्तूप) आला की तो उजव्या हाताला ठेवून जायचं. आपण डावीकडूनच चालवतो, त्यामुळे ते आपोआप जमतं.

छुझोमला, दोन नद्यांच्या संगमावर, पारोचा रस्ता फुटतो. गाइड नसेल तर इथे फाटा चुकवणारे बरेच.

थिंफूहून पुनाखाला निघालात की होंगत्सोला पुन्हा कागद बघतात. हिवाळ्यात दोचुला सकाळी लवकर ओलांडू नका. सावलीतल्या वळणांवर काळं बर्फ असतं आणि ते ओल्या डांबरासारखं दिसतं. ऊन चढू द्या.

अडचण आली तर पोलीस ११३, रुग्णवाहिका ११२. भूतानात मारुतीच्या गाड्या खूप असल्याने त्यांचे सुटे भाग थिंफूत मिळतात. दुर्मीळ मॉडेल असेल तर फॅनबेल्ट आणि फ्यूज सोबत ठेवा.

## टप्पा १०: परत येताना

चढताना इंजिन दमतं, उतरताना ब्रेक. गेडू सोडलं की दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर मॅन्युअल मोडमध्ये घाला. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. दाबा, वेग कमी करा, सोडा. जळका वास आला तर मोकळी जागा बघून वीस मिनिटं थांबा. हँडब्रेक ओढू नका, चाकाला दगड लावा.

रिंचेंडिंगला आणि फुंटशोलिंगला बाहेर पडल्याची नोंद करूनच निघा, माणसांची आणि गाडीचीही. गर्दीत लोक माणसांची करतात आणि गाडीचा कागद तसाच खिशात घेऊन जयगावात येतात. त्यांच्या दप्तरात ती गाडी अजून भूतानातच असते आणि पुढच्या वेळी दंडाचा हिशेब तिथून सुरू होतो. बाहेर पडल्याची पावती आणि पैसे भरल्याच्या पावत्या फेकू नका.

जयगावात उतरल्या उतरल्या गाडी धुवायला देऊ नका. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती वाकते आणि सिलिगुडीपर्यंत प्रत्येक ब्रेकला स्टिअरिंग थरथरतं. आधी जेवून घ्या.